दगडाला काढलेली कडी

"मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांचा पहिला राजा मांको कापाक याची गोष्ट वाचून दाखवली. तेव्हापासून चार रात्री दिवा बंद करू देत नाही. अशा गोष्टी मुलांना सांगूच नयेत का?" एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

गोष्ट अशी. पेरूमध्ये, पुढे इंकांची राजधानी झालेल्या कुस्कोच्या दक्षिणेला पाकारीताम्बो इथल्या गुहेतून चार भाऊ आणि चार बहिणी बाहेर पडतात. भावांपैकी आयार काची भारी ताकदीचा, गोफणीच्या दगडानं डोंगर फोडणारा. बाकीच्यांना त्याची धास्ती वाटते. सोन्याची भांडी आणि बियाणं आत राहिलं, असं सांगून त्याला गुहेत परत पाठवतात आणि बाहेरून दगड लावून कायमचा कोंडतात. पुढे आयार उचू आणि आयार औका दगड होतात. उरलेला मांको बहिणींसह कुस्को वसवतो. इंकांच्या केचुआ भाषेत काची म्हणजे मीठ, उचू म्हणजे मिरची.

आई वाचतानाच अडखळली होती, पण भलत्याच जागी: मांकोनं मामा ओक्लो या बहिणीशी लग्न केलं तिथे. मूल तिथेच अडकलं असेल असं मोठ्यांना हमखास वाटतं, म्हणून आधी ते तपासायचं. पाच कोरे कागद घ्यायचे, गोष्टीचे पाच तुकडे करायचे: गुहेतून निघणं, काचीला परत पाठवणं, दगड लावणं, भाऊ दगड होणं, कुस्को वसवणं. प्रत्येकाचं चित्र मुलानं काढायचं. वेळ दुपारची, वीसेक मिनिटं, झोपण्याआधी नको. "भीती कशाची वाटते?" हे विचारायचं नाही, कारण त्यावर "कशाचीच नाही" हेच उत्तर येतं. "यात तू कुठे थांबवलं असतंस?" असं विचारायचं.

या मुलानं तिसऱ्या चित्रात गुहेच्या तोंडाशी मोठा दगड काढला आणि दगडाला कडी काढली. बाहेरून.

मग उलगडा झाला. बारा वर्षांचा दादा गंमत म्हणून न्हाणीघराची बाहेरची कडी लावतो, दिवाही घालवतो. भीती आधीपासूनच होती, गोष्टीनं तिला फक्त जागा दिली. गोष्ट लपवून ठेवली असती तर कडी कळलीच नसती. घरातला उपाय साधा: बाहेरची कडी स्क्रू काढून उतरवली आणि दादाशी वडील एकटे बोलले. धाकट्यासमोर रागावलं की थोरला पुढच्या वेळी गुपचूप डूख धरतो. दिवा बंद व्हायला आणखी आठवडा लागला.

"अरे, ते खोटं असतं" हे वाक्य टाळावं. मुलाचा पुढचा प्रश्न तिथेच मरतो. त्याऐवजी गोष्ट कोणी सांगितली ते सांगावं. इंकांकडे आपल्यासारखी लिपी नव्हती. दोऱ्यांच्या गाठींत हिशेब ठेवत. या कथा स्पॅनिश राजवट आल्यानंतर कागदावर उतरल्या. काचीला कोंडल्याचं सार्मिएंतो या स्पॅनिश इतिहासकारानं 1572 मध्ये लिहिलं. आई इंका घराण्यातली असलेल्या गार्सिलासोनं 1609 च्या पुस्तकात जी कथा पुढे ठेवली तिची सुरुवात तितिकाका सरोवरापाशी होते: सूर्य आपल्या दोन मुलांना, मांको आणि मामा ओक्लो यांना, सोन्याची काठी देतो, ती एका घावात जमिनीत गडप होईल तिथे वस्ती करा म्हणतो. दोन्ही सांगाव्यात. मूल आपणहून विचारतं, "मग एकानं काचीचं का सांगितलं?"

काठीचा भाग करूनही पाहता येतो. गार्सिलासो माप देतो ते साधारण हातभर लांब, दोन बोटं जाड. तशी लाकडी काठी घेऊन आधी मुरमाड जागी, मग पाऊस झाल्यावर खणलेल्या वाफ्यात रोवायची. कुंडीत करू नका. वीतभर गेली की काठी तळाला टेकते आणि "माती वाईट" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. मऊ, खोल माती म्हणजे मक्याचं शेत, हे मग समजवावं लागत नाही.

लग्नाचं विचारलं तर दोन वाक्यं पुरतात: राजघराणं स्वतःला सूर्याची मुलं मानायचं, म्हणून बाहेरचं कुणी बरोबरीचं वाटत नसे, साध्या लोकांना तसं लग्न करायला बंदी होती. मराठी मुलांचा खरा गोंधळ वेगळाच होतो. 'मामा' म्हणजे केचुआत आई, हे आधीच सांगून टाका.

या मुलानं लग्नाचं काही विचारलं नाही. त्याचा प्रश्न होता, "मिठाला कोंडलं, मग मिरचीचं काय झालं?" उत्तर त्यानंच परत वाचून शोधलं: कुस्कोजवळच्या वानाकौरी डोंगरावर उचू दगड झाला. पुढे उमराव घरांतली मुलं मोठी होण्याच्या विधीसाठी त्याच डोंगरावर जात.