पंचाच्या निर्णयावरून राडा झाला तर पंच मंडळाच्या अध्यक्षाने काय करावं?

तुम्ही तालुक्याच्या कबड्डी पंच मंडळाचे नवे अध्यक्ष आहात आणि विचारताय की निर्णयावरून राडा होऊन व्हिडिओ फिरायला लागला तर पहिलं काय करायचं. पहिलं म्हणजे त्याच रात्री आपल्या पंचाच्या घरी जा. पत्रकाचं नंतर बघू.

मी ११ वर्षं पंच मंडळाचा चिटणीस होतो. एका गावच्या जत्रेतली स्पर्धा, उपांत्य सामना, २७-२७ बरोबरी, शेवटची चढाई. कोपऱ्यातल्या बचावपटूला हुलकावणी देताना यजमान गावच्या चढाईपटूचा डावा पाय लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत पडला, आणि हात लागला तो त्यानंतर. झटापट झाल्याशिवाय लॉबी खुली होत नाही, म्हणजे तो बाद. आमच्या २३ वर्षांच्या पंचाने तोच निर्णय दिला. मी गुणलेखकाच्या टेबलाशी बसलो होतो. फक्कीच्या रेषेपलीकडे मातीत अख्ख्या टाचेचा ठसा मला दिसत होता. पण तोवर लोक मैदानात घुसले. पोराचा शर्ट खिशापासून फाटला, शिट्टीची दोरी गळ्याला आवळली.

रात्री साडेअकराला आमच्या अध्यक्षांनी आयोजकांच्या ओसरीवर बसून पत्रक लिहिलं : पंचांकडून चूक झाली, मंडळ दिलगीर आहे, सामना पुन्हा खेळवू. पंचाचा अहवाल मागितलाच नाही. खाली सही चिटणीसाची हवी होती. मी केली.

पोराने ते पेपरात वाचलं. त्यानंतर तो मैदानावर आलाच नाही, आणि त्याच्यासोबत परीक्षा पास झालेल्या नऊ जणांपैकी पुढच्या हंगामात चारच आले. अध्यक्ष आजही म्हणतात, "जत्रा पार पडली, मंडळ वाचलं." साहेब, जत्रा आयोजकांची होती. मंडळ म्हणजे पंच, आणि तेच गेले.

निर्णय आणि मारहाण ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, ती एकत्र करू देऊ नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचाला लाथ बसली, तेव्हा कुस्तीगीर संघाने दोन मल्लांना तीन वर्षांसाठी निलंबित केलं. पाठ टेकली की नाही यावर लोक नंतरही भांडत राहिले, पण शिक्षा त्यासाठी अडली नाही. तसंच करा. पोलिसांत तक्रार मंडळाच्या नावाने द्या, त्या पोराला एकट्याला चौकीत उभं करू नका.

व्हिडिओचं म्हणाल तर मंडळाकडून एकानेच बोलावं, बाकीच्यांनी ग्रुपवर वाद घालत बसू नये.

पंच खरंच चुकला असेल तर मात्र तसं स्पष्ट सांगा, पण त्याला समोर बसवून, त्याचं ऐकून घेऊन. पैसे खाल्ले असतील तर अजिबात पाठीशी घालू नका.

आणि तुमच्या चिटणीसाला आजच सांगून ठेवा की अहवाल आल्याशिवाय पत्रकावर सही करायची नाही, मग मागणारे तुम्ही स्वतः असलात तरी.