ग्रंथालयाचं फीड सुरू करताना

आधी स्वतः फीड, म्हणजे संकेतस्थळावरच्या नव्या मजकुराची आपोआप ताजी होणारी यादी, वाचायला लागा. एखाद्या फीड रीडरमध्ये (अशी फीड एका जागी दाखवणाऱ्या ॲपमध्ये) तुमच्या विषयातल्या नियतकालिकांची आरएसएस फीड (आरएसएस हा फीडचा नेहमीचा प्रकार) जोडा, रोज चाळा. कोणत्या शीर्षकावर नजर थांबते ते कळेल. मग ग्रंथालयाचं फीड. 'कोहा' ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरत असाल तर कॅटलॉगमधल्या शोधाच्या निकालांचं फीड आयतंच मिळतं. म्हणजे एकेका विषयाच्या शोधाचं वेगळं फीड सहज देता येतं. म्हणून सगळ्या नव्या पुस्तकांचं एकच फीड देऊ नका, विषयवार द्या. भूगोलाच्या अभ्यासकाला रोज कादंबऱ्याच दिसल्या तर तो फीड काढून टाकेल, आणि गेलेला वाचक परत आणणं फार कठीण. फीडचा पत्ता शक्यतो बदलू नका. बदललात तर जुन्यावरून नव्या पत्त्याकडे आपोआप नेणारा रिडायरेक्ट ठेवा. आणि हो, रीडरमधली फीडची यादी ओपीएमएल फाइलमध्ये (अशा याद्या साठवायच्या फाइलमध्ये) अधूनमधून उतरवून घ्या. गूगलचा फीड रीडर 'गूगल रीडर' २०१३ मध्ये बंद झाला, तेव्हा याच फाइलमुळे लोकांना याद्या दुसरीकडे हलवता आल्या.