तांड्यावरची पोरं ग्रामसभेला येतील का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी धारूर तालुक्यातल्या एका तांड्यावर संध्याकाळी अभ्यासिका घेते, पोरं-पोरी सोळा ते वीसच्या, हुशार आहेत, पण ग्रामसभेला चला म्हणलं की म्हणायलेत, मॅडम तिथं आमचं कोण ऐकतंय. आणि दिवाळी झाली की निम्मी तर आईबापासोबत ऊसतोडीला साखर कारखान्याला जातात. काय करू?
— एक वाचक, जि. बीड

उत्तर: पोरं खोटं नाही बोलत गं. त्यांना मतदार जागृतीचं भाषण देऊ नको, त्यांच्या घरातलाच विषय घेऊन जाऊ दे, आणि तो तुझ्या पत्रातच आहे: हंगामी वसतिगृह. म्हणजे आईबाप कोयत्यावर, ऊसतोडीला, गेले तरी लेकरं गावातच नातेवाइकांकडं राहतात, जेवणाचं शाळा व्यवस्थापन समिती बघते, पण त्यासाठी शाळेनं आधी कोणाची लेकरं जाणार याचा सर्व्हे करून प्रस्ताव पाठवायला लागतो आणि सर्व्हेत नाव सुटलं की लेकरू चाललं उसाच्या फडात. म्हणून पोरांनाच वही घेऊन घरोघर फिरव, कोण जाणार, लेकरं किती, कितवीत. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, किती घेतली ते मात्र विचारायचं नाही, मजूर नेणाऱ्या मुकादमाला वाटायचं हिशेब काढायलेत!

यादी 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडा, 2 ऑक्टोबरला उशीर होतो. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे मतदार यादीत नाव असलेला, त्यामुळं सोळा-सतराच्या पोरांनी यादी करायची आणि बोलायचं त्यांच्या आयांनी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा समितीत किमान 75 टक्के पालक आणि एकूण निम्म्या बाया पाहिजेत, तुमच्या समितीत तांड्यावरचं कोण आहे तेवढं बघ, मला तर शंकाच आहे.

आता 'कोण ऐकतंय'चं. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला, कमीत कमी 15 टक्के मतदार किंवा 100 जण, जे कमी असेल ते लागतात. तेवढे नाही जमले की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही, म्हणजे पुढच्या खेपेला पारावरचे दहाबारा जण बसून सगळे ठराव उरकतात. तिथं तांड्यावरची चाळीस माणसं येऊन बसली तर न ऐकून सांगतात कोणाला? ठराव वहीत लिहिला का तिथंच बघा, नाही दाखवला तर माहिती अधिकारात प्रत मागा, अर्जाला 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि हो, मतदार नोंदणीला आता वर्षात चार तारखा आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची पहिली, सतरा पूर्ण झालेले आधीच नमुना 6, म्हणजे नाव नोंदणीचा अर्ज, भरू शकतात. ज्यांना कारखान्याला जायचंय त्यांचे फॉर्म दसऱ्याच्या आत भरून घे, नंतर सहीसाठी कोल्हापूरपर्यंत हुडकत जावं लागेल.