वाचक विचारतात : रोजचं पित्त आणि गुडघ्याची गोळी

प्रश्न : सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपासून छातीत जळजळ, करपट ढेकर, बेंबीच्या वर दुखणं चालू आहे. मेडिकलवरून आणलेली पित्ताची गोळी रोज घेतात, तेवढ्यानं भागलं नाही की खायचा सोडा. कापूस वेचणीच्या दिवसांत गुडघ्याची गोळी वेगळीच. मोठ्या डॉक्टरांना दाखवावं का? – एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : दाखवाच. पण ताई, त्याआधी आजच गुडघ्याच्या गोळीचं पाकीट उलटं करून मागचं बारीक नाव वाचा. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असेल तर दुखण्याचं मूळ तिथं असू शकतं. जठराच्या आतलं अस्तर आम्लापासून स्वतःला वाचवतं ते काही रसायनांच्या जोरावर. या गोळ्या नेमकी तीच रसायनं कमी करतात. मग अस्तर सोलवटतं, जखम होते. जेवून गोळी घेतली की काही होत नाही, हा समज खोटा आहे. इंजेक्शननंही तेच होतं, कारण औषध रक्तातून काम करतं. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल चालेल का, किती घ्यायची, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

पित्ताची गोळी, म्हणजे पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल, सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. खाणं सुरू झालं की आम्ल तयार करणारे पंप चालू होतात. त्या वेळी औषध रक्तात हजर हवं. जळजळ सुरू झाल्यावर घेतली तर निम्मं काम वाया जातं. शिवाय चार आठवडे नीट घेऊनही त्रास हटत नसेल, तर नुसती गोळी बदलत बसू नका. सोडा मात्र बंदच करा. क्षणभर बरं वाटतं, पण पोट गॅसनं फुगतं आणि त्यातलं सोडियम बीपीवाल्यांना घातक.

रात्रीची भाकरी झोपण्याच्या तीन तास आधी. बाजेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली वीटभर उंची द्या. दोन उशा घेतल्या तर मान तेवढी वर येते, पोट दुमडतं आणि जळजळ वाढते. मिसरी किंवा तंबाखू असेल तर तीही सोडायला हवी.

आता महत्त्वाचं. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं होतंय का, हे त्यांना स्पष्ट विचारा. बायका लाजेनं सांगत नाहीत. ती आतल्या रक्तस्रावाची खूण आहे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण सहसा अशी चिकट नसते. काळी चिकट शौच, रक्ताची उलटी किंवा भोवळ आली तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या, रात्र असली तरी. घास अडकणं, वजन उतरणं, रक्त कमी होणं, वारंवार उलटी – यांपैकी काहीही असेल तर पोटविकारतज्ज्ञांकडे, आठवड्याच्या आत. ते बहुधा दुर्बिणीची तपासणी सांगतील. सहा ते आठ तास उपाशी राहावं लागतं, तपासणी दहा-पंधरा मिनिटांची. जठरात जखम करणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी होणार असेल तर पित्ताची गोळी चालू असल्याचं आधीच सांगा, ती साधारण दोन आठवडे आधी थांबवावी लागते. नाहीतर जंतू असूनही अहवालात दिसत नाही.

छातीतलं दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम सुटत असेल, तर ते पित्त समजू नका. आधी ईसीजी.

प्रश्न : वय ४६. शौचाला लाल रक्त पडतं. गावात मूळव्याध म्हणून औषध चालू आहे. – एक वाचक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : तपासणी न करता मूळव्याध ठरवलं असेल तर चूक आहे. या वयात आतड्याच्या कर्करोगाचं रक्तही तसंच दिसतं. आधी सर्जनकडून गुदद्वाराची तपासणी करून घ्या, मोठ्या आतड्याची दुर्बीण लागेल का हेही विचारा. सवय बदलली असेल, म्हणजे कधी बद्धकोष्ठ, कधी पातळ, किंवा वजन घटलं असेल, तर उशीर नको. बद्धकोष्ठासाठी इसबगोल दोन चमचे घ्या, पण भरपूर पाण्यात. कमी पाण्यात ते आतच घट्ट बसतं.