काटा शून्यावर, तरी जाळ कसा?

प्रश्न : मिरजेत माझं फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या महिन्यात आर-६००ए गॅसचा एक फ्रीज आला. ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी गाळणी) चोक झाला होता. फ्रीज अंगणात नेऊन चार्जिंगची नळी टोचली, गॅस सोडला. गेजचा काटा शून्यावर आला, वर दहा मिनिटं थांबलो. मग ड्रायर काढायला जोडकामाची गॅस टॉर्च लावली, तर जोड सुटताच नळीतून वीतभर जाळ आला. मदतीच्या पोराचा हात पोळला. गॅस गेला होता, मग पेटलं काय? आणि असा फ्रीज भंगारात देताना काय करावं?

उत्तर : पोराचा हात कसा आहे, ते आधी कळवा.

काटा शून्यावर आला म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेइतका झाला, एवढंच. नळ्या आणि कंडेन्सर गॅसने भरलेलेच होते. शिवाय बराच गॅस कॉम्प्रेसरच्या तेलात मुरलेला असतो. गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर फसफस लगेच थांबते, पण बुडबुडे किती वेळ येत राहतात! तेलाचंही तसंच. तुमच्या दहा मिनिटांत तेलातून गॅस हळूहळू सुटत होता आणि जोड उघडला तेव्हा समोर ज्योत होती.

आयटीआयमध्ये २६ वर्षं शिकवताना मला सर्वांत जड गेलं ते ही हाताची सवय मोडणं. आर-१२, आर-१३४ए हे फ्रीजचे आधीचे गॅस पेटत नव्हते, म्हणून गॅस सोडायचा आणि टॉर्च लावायची हे आमच्या हातात बसलं. (आर-१३४ए तर तसाही हवेत सोडू नका. एक किलो म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० किलोंइतकी उष्णता धरणारा गॅस.) आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. घरच्या सिलिंडरमधल्या गॅसचाच भाऊबंद, पण त्याला वास मिसळलेला नसतो, त्यामुळे नाकाला कळत नाही. फ्रीजमध्ये असतो ५०-६० ग्रॅम, म्हणून कुणी मनावर घेत नाही. हवेत १.८ टक्के झाला की तो पेटू शकतो. हिशेब करा : २०० लिटरच्या बंद पेटीत नऊ ग्रॅम गळाला तरी पुरे.

म्हणून असं करा. फ्रीज उघड्यावर न्या. जवळ गटार, तळघर, जिना नको, कारण हा गॅस हवेच्या दुप्पट जड, खाली जाऊन साचतो. एवढ्याशा गॅसला लांब नळी लावून उघड्या हवेत हळू सोडलेलं चालतं. काटा शून्यावर आला की खरं काम सुरू होतं. व्हॅक्यूम पंप लावा, त्याची बाहेर टाकणारी नळी लांब सोडा, आणि पंपाचं बटण जागेवर दाबू नका, दूरच्या सॉकेटवरून चालू करा. मग कोरडा नायट्रोजन भरा, सोडा, पुन्हा व्हॅक्यूम. ऑक्सिजन चुकूनही नको. ड्रायर कटरने कापून काढा. नवा जोड ब्रेझ करताना, म्हणजे टॉर्चने डाखताना, नळीतून नायट्रोजन हलकासा वाहता ठेवा, किंवा दाबून बसवायचा लोकरिंगचा जोड वापरा, मग टॉर्चच लागत नाही.

प्रोपेनचा, म्हणजे आर-२९०चा एसी असेल तर गॅस जास्त असतो. तिथे ज्वलनशील गॅससाठीच बनवलेलं रिकव्हरी मशीन (गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं) आणि वेगळा सिलिंडर हवा. आर-२२ या न पेटणाऱ्या गॅसचं मशीन लावू नका, त्याच्या स्विचची ठिणगी पुरते. सिलिंडर भरतानाही वजनावर फसू नका. ज्यात आर-२२ दहा किलो बसतो, त्यात प्रोपेन चार किलोच्या आसपासच.

भंगारात देण्याआधीही हेच सगळं, दोनदा व्हॅक्यूमसकट. भंगारवाला कॉम्प्रेसर गॅस कटरने फोडतो, म्हणून तेल उपसून काढा आणि कॉम्प्रेसरवर ठळक लिहा : आर-६००ए, रिकामा केला, तारीख. बऱ्याच फ्रीजच्या भिंतीतला फोम सायक्लोपेंटेनने फुगवलेला असतो, तोही पेटतो. पेटीला ग्राइंडर लावू नका, हे त्याला तोंडीही सांगा. लिहिलेलं पुसलं जातं.