नववीतल्या मुलाचा दाखला काढून १७ नंबरचा फॉर्म भरावा का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सहामाहीला गणित-विज्ञानात नापास झाला, ५८ पोरांत ५२वा आला, आणि शाळेने तुम्हाला बोलावून सांगितलं, ‘आत्ताच दाखला काढा आणि १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता दहावी देणाऱ्यांचा बोर्डाचा फॉर्म, भरून दहावीला बाहेरून बसवा.’ दाखला काढू नका. पुढचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी असाच दाखला काढलेला मुलगा आहे. साल १९९७. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. नववीचा निकाल लागला आणि आम्हा आठ जणांच्या पालकांना ऑफिसात बोलावणं आलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘शंभर टक्के निकालाची परंपरा’. मुख्याध्यापक वडिलांना काही वाईट बोलले नाहीत, उलट चहा पाजला. म्हणाले, पोरगं हुशार आहे, पण आमच्या वेगानं त्याला जमायचं नाही, १७ नंबरचा फॉर्म भरा, घरी निवांत अभ्यास करेल. निवांत! आमच्या दोन खोल्यांत सात माणसं होती.

वडील काही बोलले नसते तरी एक वेळ निभावलं असतं. पण माझे चुलते त्याच शाळेत कारकून. त्यांनीच अर्ज लिहून आणला. ‘दादा, नापास म्हणून त्याच वर्गात बसण्यापेक्षा इज्जतीत बाहेर काढू.’ वडिलांनी सही केली. दाखला हातात आला तेव्हा मी वाचला. अभ्यासातील प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: पालकाच्या विनंतीवरून.

हे ‘पालकाच्या विनंतीवरून’ मला आजही झोपू देत नाही. विनंती कुणी कुणाला केली होती?

आठांपैकी तिघांनी नववी परत केली, आम्ही पाच जण बाहेरून बसलो. वर्षभर मी सकाळी पंक्चर काढायचो आणि दुपारी पुस्तक उघडायचो. भूमितीचं प्रमेय समजावायला कोणी नाही, विज्ञानाचे प्रयोग पुस्तकातल्या आकृतीवरच. मार्च १९९८ला गणितात गेलो, इंग्रजीत काठावर वाचलो, मग ऑक्टोबरला बसून सुटलो. तोवर आमच्या शाळेचा निकाल पेपरात आला होता, ३८ पैकी ३८. नववीत आम्ही ४६ होतो. गणितात नापास झालेला मी, पण हा अपूर्णांक मला त्या दिवशी नीट कळला. अंश वाढवायला मेहनत लागते. छेद कापायला एक अर्ज पुरतो.

तुमच्या शाळेचंही गणित हेच आहे. शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, म्हणून छाटणी सगळी नववीत. तीही तोंडी. कुठलीच शाळा असं लिहून देत नाही.

आता तुम्ही विचारलेलं, नववीचे गुण आणि वर्गातला नंबर पुढे धरतात का. नववीचे गुण पुढे धरत नाहीत. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, तोही सहापैकी चांगल्या पाच विषयांवर. वर्गातला नंबर तर बोर्डाला माहीतही नसतो, तो फक्त पालकसभेत मान खाली घालायला लावण्यापुरता. अपवाद एकच, २०२१. कोरोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली आणि नववीला ५० गुणांचं वजन मिळालं. त्या वर्षी राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. परीक्षा नसली की सगळेच हुशार निघतात, हे आमच्या चुलत्यांना मी तेव्हा फोन करून सांगितलं होतं.

शाळेत राहिला तर मुलाला काय मिळतं ते बघा. प्रत्येक विषयाला शंभरातले २० गुण अंतर्गत असतात, तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ यांचे, आणि पास व्हायला लागतात ३५. ज्या मास्तरांनी पोराला वर्षभर पाहिलंय त्यांच्या हातचे २० आणि संपर्क केंद्रावर, म्हणजे बाहेरून बसणाऱ्यांना नेमून दिलेल्या शाळेत, दोन-चारदा गेलेल्या पोराचे २०, यात फरक पडतोच. शिवाय एक-दोन विषय गेले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या बोलीवर, अकरावीला जाता येतं आणि जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. माझ्या वेळी ऑक्टोबरपर्यंत हात चोळत बसावं लागायचं. म्हणजे दहावीला तो पडलाच तरी आभाळ कोसळत नाही. मग आत्ता नववीतच कशाला पाडून घेता?

मुख्याध्यापकांना सांगा, ‘तुम्ही म्हणताय ते शाळेच्या लेटरहेडवर द्या.’ नाही म्हणाले तर जिल्हा परिषदेतल्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज करा आणि त्याची पोच शाळेत दाखवा. बहुतेक ठिकाणी गाडी इथेच रुळावर येते. आणि गणिताचा मास्तर बघा, शिकवणी लावा, जे काय करायचं ते करा, पोरगं मागे आहे हे खोटं नाही.

माझे चुलते आता पंच्याहत्तरीचे आहेत. लग्नात भेटले की चार लोकांत सांगतात, ‘आम्ही वेळीच दाखला काढला म्हणून हा कामधंद्याला लागला.’ मी आयटीआय केलं, भोसरीत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, हाताखाली तिघं आहेत. ते मी केलं. बाकीच्या चौघांपैकी दोघांनी फॉर्म भरला आणि परीक्षेला गेलेच नाहीत, त्यांचं नाव चुलते कधी काढत नाहीत.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर रागाच्या भरात चुकीचं लिहिल्यासारखं होईल. १७ नंबरचा फॉर्म स्वतः वाईट नाही. माझ्या बायकोची शाळा आठवीनंतर सुटली होती, तिने लग्नानंतर त्याच फॉर्मवर दहावी केली आणि मार्कशीट आली तेव्हा पेढे मीच वाटले. ज्याची शाळा आधीच सुटलीये त्याच्यासाठी तो दरवाजा आहे. तुमचा पोरगा अजून वर्गात बसलाय. आणि तो आजारी असेल किंवा स्वतःच म्हणत असेल की मला नववी परत करायचीय, तर करू द्या, त्यात कमीपणा नाही. पण ते त्याला विचारून. मला कोणी विचारलं नव्हतं.

आणि एवढं सगळं करूनही दाखला घ्यायची वेळ आलीच, तर सही करण्याआधी ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात काय लिहिणार आहेत ते वाचून घ्या.