बोअरचं पाणी ‘जड’ कसं?

खारघरहून एका ताईंनी विचारलंय : ‘नळाला पाणी नसलं की सोसायटीत बोअरचं सोडतात. सासूबाई म्हणतात, जड पाणी, यात डाळ शिजायची नाही. मुलगा म्हणतो, जड पाणी अणुभट्टीत वापरतात. बरोबर कोण?’

दोघंही. पण मान सासूबाईंचा. मुलाचं जड पाणी म्हणजे साध्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच वजनदार भाऊ, असलेलं, आणि ड्यूटेरियमचा शोधच १९३१ चा. ते खरोखर वजनदार असतं, लिटरभर घेतलं तर सुमारे ११०० ग्रॅम भरतं. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला ‘ध्रुव’ अणुभट्टीत तेच वापरतात.

बोअरच्या पाण्यात लिटरमागे ६०० मिलिग्रॅम क्षार असले तरी वजन वाढणार जेमतेम अर्धा ग्रॅम. म्हणजे सासूबाईंचा ‘जड’ तराजूतला नाही, ‘पचायला जड’मधला. आणि तो नेमका आहे. जमिनीतून येताना पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम उतरतं. डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम घट्ट बांधतं, म्हणून चार शिट्ट्या जास्त झाल्या तरी दाणा टचटचीतच. चिमूटभर खायचा सोडा टाकतात तो याचसाठी.

पाण्याचे रेणूही यातून सुटत नाहीत. मॅग्नेशियमचा एकेक कण सहा रेणूंना, त्यांची ऑक्सिजनची बाजू आपल्याकडे वळवून, भोवती धरून बसतो. क्षार भरपूर असले की परिणाम दिसतो : समुद्राचं पाणी शून्याला गोठत नाही, उणे १.९ अंशांच्या आसपास गोठतं. बोअरच्या पाण्यात क्षार त्यामानाने नगण्य, त्यामुळे तिथे खरा घोळ साबणाचा. साबण कॅल्शियमशी जुळून न विरघळणारा साका होतो, बादलीच्या कडेला चिकटतो, आणि फेस काही येत नाही.

पाठ्यपुस्तकातला ‘दुष्फेन’ यावरूनच आला. शब्द देखणा, अर्थ चोख. पण ‘आज दुष्फेन जल येईल’ अशी नोटीस लावून बघा, सेक्रेटरींचा फोन दिवसभर वाजेल. ‘कठीण पाणी’ तर मला इंग्रजी ‘हार्ड वॉटर’ची नक्कलच वाटते. आपल्याकडे कठीण असतो तो पेपर, नाहीतर प्रसंग. तेव्हा बोलताना बिनधास्त ‘जड’ म्हणा. लिहिताना अणुभट्टीशी घोटाळा होणार असेल तिथेच ‘दुष्फेन’ काढा.

जड आणि खारं मात्र एक समजू नका. खारेपणा मुख्यतः मिठाचा, तो जिभेला कळतो. जडपणा कळतो साबणाला आणि डाळीला. धड गोडं नाही, धड खारं नाही, त्याला ‘मचूळ’ हा फर्मास शब्द आहे. पाणी मऊ करायचं मशीन बसवलंत तर ते कॅल्शियम काढून घेतं आणि त्या जागी सोडियम सोडतं. फेस येईल, डाळ शिजेल, पण टीडीएसच्या, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या, मीटरवरचा आकडा जवळपास होता तिथेच राहील. मशीन बिघडलंय म्हणून मेकॅनिकला बोलावू नका.